बाहीवरचा अज्ञात इसम

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबतच्या पार्सलात पांढरा कोट आहे. प्रयोगशाळेतला कोट तुला तंबूसारखा होतो आणि बाह्या टेबलावर लोळतात, असं तू म्हणाली होतीस. शिंप्याच्या बहिणीने असं ध्यान होऊन हिंडावं, हे माझ्या दुकानाला शोभत नाही. बाह्यांची दुमड आणि बटणं मी हाताने शिवली आहेत. सुईत ओवायच्या आधी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायचं आणि शेवटी दाताने तोडायचं, ही माझी सवय हिला किळसवाणी वाटते. पाण्याची वाटी जवळ ठेवा म्हणते. वाटी कापडावर लवंडली की मग कळेल तिला.

दाजींना नमस्कार. बुद्धिबळात ते अजून तुझ्याकडून हरतात, की शहाणे होऊन खेळायचंच सोडलं?

माया आहे तेवढी राहू दे, वाढली तर तक्रार नाही.

तुझा,
बारक्या

२० जून

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

कोट अंगाला फार छान बसला. कामावर तिथलाच, निर्जंतुक केलेला कोट घालायचा, हा नियम मी नव्या मुलींना शिकवते. पण धुतला तर तुझ्या हातची इस्त्री मोडेल, म्हणून मी तो तसाच घालून गेले. पहिले पंधरा दिवस तो न धुता वापरला. इतक्या वर्षांची अक्कल एका इस्त्रीपायी गहाण टाकली.

आता शांतपणे वाच. देशभरातल्या गुन्ह्यांत सापडलेल्या डीएनएची नोंद एका ठिकाणी असते. दुकानफोडी, जळालेली गाडी आणि एका म्हाताऱ्या वॉचमनला झालेली मारहाण, या तिन्हींचे पुरावे त्याच पंधरा दिवसांत माझ्या टेबलावर तपासायला आले होते, आणि तिन्हींत एकाच अज्ञात इसमाचा डीएनए निघाला. पोलीस त्याला शोधत आहेत. आम्हा कर्मचाऱ्यांचे नमुनेही वेगळे ठेवलेले असतात, आमचाच केस किंवा थुंकी चुकून पडली तर ओळखता यावी म्हणून. ते ताडून बघताना त्या इसमाचं निम्मं माझ्याशी जुळताना दिसलं. घरी येऊन कोट टांगताना बाहीची दुमड हातात आली, आणि तुझा दोरा आठवला. तो इसम तू आहेस, बाबा. माझ्या बाहीतून टेबलावर उतरलास.

साहेबांना मी सगळं सांगितलं. कोट तपासून उपयोग नाही, आता तो कितीदा तरी उकळून झालाय. आणि कर्मचाऱ्यांच्या नमुन्यावरून त्यांचे नातेवाईक हुडकायला कायद्याने बंदी आहे. मला दिसलं ते कायद्याला दिसत नाही. तू आपणहून नमुना दिलास तरच तुझी नोंद तिथून निघेल. जबरदस्ती कुणी करणार नाही. पण तोवर वॉचमनला मारणारा मोकळा आणि पोलीस तुझ्या मागे, असं चाललंय.

काळजी करू नकोस, असं लिहिणार होते. पण मलाच झोप नाही.

तुझी,
ताई

२८ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो. आजवर गिऱ्हाइकाचं एक वीत कापड ढापलं नाही, आणि तीन गुन्ह्यांत नाव, तेही नाव नसताना.

पण नमुना मी देणार नाही. मी कामाला नवीन होतो तेव्हा माझ्यासारखा दिसणारा कुणी पळाला म्हणून मला दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं होतं, तुला आठवत असेल. सोडताना त्यांनी अंगठा घेतला. घेणारा पाठीवर थाप मारून म्हणाला, फाडून टाकू, निर्धास्त जा. दुकानाचा परवाना काढायला गेलो, तेव्हा तोच अंगठा कपाटातून निघून टेबलावर आला. चार महिने मी चोर नाही हे पटवत फिरलो. अंगठा निदान माझा एकट्याचा होता. हे तर पोरांपर्यंत जाणार.

काम झाल्यावर नमुना नष्ट करतील, अशी तू खात्री देतेस का? एवढंच कळव.

राग धरू नकोस.

तुझा,
बारक्या

६ जुलै

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

खात्री देत नाही.

आमच्या ऑफिसात कायद्याचं काम बघणाऱ्या बाईंनी मला कलम दाखवलं. नमुना या एकाच तुलनेसाठी घ्यायचा, नंतर नष्ट करून तुला लेखी कळवायचं. कलम चांगलं आहे. पण कलम पाळणारी माणसं असतात, आणि कोटाच्या प्रकरणानंतर माझी बदली भांडारात झाली आहे. तिथून मला काहीच दिसत नाही. न पाहिलेल्या गोष्टीची मी तुला शपथ कशी देऊ?

आणखी एक. तुझा नमुना नष्ट झाला, तरी माझा तिथे राहणारच. ज्याला कायदा मोडायचाच आहे त्याला माझ्यावरून तू सापडशील, आज मला सापडलास तसाच. नोकरी सोडली तरच माझा नमुना काढता येतो. तू म्हणालास तर सोडते. दाजींशी बोलले आहे. ते म्हणाले, भाऊ एकच आहे. त्या वॉचमनचं मनाला टोचतं, पण त्याचं ओझं मी तुझ्यावर टाकणार नाही.

जे ठरवशील ते मला चालेल.

तुझी,
ताई

१५ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नोकरी सोडू नकोस. आई कामावर जायची तेव्हा मला तूच कडेवर घेऊन हिंडायचीस. अर्धा मी तुझ्याकडे आहे म्हणतेस, तर असू दे, तिथे मला कधी भीती वाटली नाही.

काल जाऊन नमुना दिला. गालाच्या आत कापसाची काडी फिरवली, झालं. शर्टाचं माप घ्यायला याहून जास्त वेळ लागतो. हिने विचारलं, एवढे हट्टाला पेटला होतात, मग मन कशाने फिरलं? मी तिला तुझं पत्र दाखवलं. त्या अंगठेवाल्याने मला छातीठोक खात्री दिली होती. तू दिली नाहीस. सरकारी माणसाने माझ्याशी खरं बोलायची ही पहिलीच वेळ, म्हणून गेलो.

लोभ असाच असू दे, खरं बोलणारा.

तुझा,
बारक्या