उशिरा पोचलेली मुलगी

रविवार, १२ ऑक्टोबर. ॲथलोन, आयर्लंड.

थकले आहे, पण लिहून टाकते. ऑफिसातली माझी मैत्रीण मेलिंग हिने इथल्या कॉलेजात तिच्याकडचे, म्हणजे तैवानचे, दोन सिनेमे लावले होते. माझी लेक इरा पडद्यावरची तलवारबाजी बघायला आली होती. तो पहिला सिनेमा तिला आवडला, माणसं छपरांवरून उडत होती. दुसरा मात्र माहितीपट निघाला, एका गावातल्या अंत्यविधीचा. परदेशात नोकरी करणारी मुलगी वडील गेल्यावर पोचते. तिथली रीत अशी की, उशिरा आलेल्या मुलीने दारापासून शवपेटीपर्यंत गुडघ्यांवर रांगत, रडत जायचं. तिच्या जीन्सचे गुडघे चिखलाने माखले होते.

"व्हाय इज शी क्रॉलिंग, आई?" इराने विचारलं.

"उशीर झाला म्हणून."

बाबा गेले तेव्हा मी नागपूरला तिसऱ्या दिवशी पोचले. सगळ्यांनी चहा दिला, कोणी काही बोललं नाही. कोणी बोललं असतं तर बरं वाटलं असतं का? ते चिखलाचे गुडघे डोळ्यांपुढून हलत नाहीत.

घरी येताच दादाला फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, "शेवटी बाबांजवळ कोण होतं रे?"

तो म्हणाला, "कोणीच नाही. मी हॉस्पिटलच्या खाली औषधं आणायला गेलो होतो. आईला बाहेर बाकावर डोळा लागला होता. तिला अजून वाटतं, मी जवळ होतो."

आणि दादा रडायला लागला. तेराव्यालाही तो रडला नव्हता. मी नुसता फोन धरून बसले.