मांडीवरचा केक

सेंट ब्राइड्स, न्यूफाउंडलंड
२ मे १९९८

चि. सौ. जेराल्डीन हीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या शॅननच्या लग्नाचा केक रममध्ये मुरतो आहे. केकचा रिकामा डबा तुझ्याकडून पोस्टाने परत आला की पुढच्या केकसाठी मनुका आणायच्या, हा आपला जुना रिवाज. या वेळी मात्र केक पोस्टाने येणार नाही. मी तो मांडीवर घेऊन येणार आहे, विमानाने. खुर्चीला धरून वाच.

तू मला आयुष्यभर भागूबाई म्हणालीस. शॅननची धर्ममाता मी, पण बाप्तिस्म्याच्या दिवशी तिला माझ्या नावाने तुझी शेजारीण धरून उभी होती, कारण मला विमानात पाऊल टाकवेना. पोरगी दर नाताळला लिहिते, मावशी, एकदा तरी ये. बाप्तिस्मा हुकला, निदान लग्नात तिच्याजवळ उभी राहीन.

म्हणून सरावासाठी सेंट जॉन्सहून आपल्याच बेटावरच्या डीअर लेकला उडून आले. शेजारी जेरोम पॉवर, माझा एके काळचा तिसरीतला विद्यार्थी. विमान उठलं तसं मी त्याचं मनगट आवळलं. तो म्हणाला, की बाई, याच हातावर तुम्ही पट्टी मारायचात, आता मोडूनच टाकता का. मी म्हटलं, गप बस आणि जपमाळ म्हण. खाली उतरताना एक डोळा उघडला. येताना खिडकीजवळची जागा भांडून घेतली.

विमानतळावर कोणाला तरी पाठव. लोभ आहे, तो माझ्या खोलीत एक जास्तीची रजई ठेवून दाखव.

तुझी ताई,
अल्फ्रीडा

कॅल्गरी
११ मे १९९८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू उडालीस, खरंच आनंद झाला. पण येऊ नकोस. केक पाठव, त्याची सगळे वाट बघताहेत.

शॅननच्या सासरी आम्ही सांगून ठेवलंय, की तू अंथरुणाला खिळली आहेस. ती माणसं तोलून मापून बोलणारी, आणि तू कोणालाच सोडत नाहीस. गेल्या नाताळात फोनवर तू आमच्या ह्यांना विचारलंस, की दातांचे डॉक्टर असून तुमचं बोलणं इतकं किडकं कसं. ते अजून विसरलेले नाहीत.

आणि शॅननची ती पत्रं. मीच तिला धरून बसवून लिहायला लावायची. तू येणार नाहीस हे पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे बोलवायला आमचं काही जात नव्हतं. उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

डबा नेहमीसारखा धुऊन पाठवीन. पोरीच्या सुखासाठी एवढं ऐक, आणि लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
जेराल्डीन

सेंट ब्राइड्स
९ जून १९९८

चि. सौ. जेराल्डीन हीस,
आशीर्वाद, उरलेले.

चर्चच्या दारात मी डबा घेऊन उभी राहिले तेव्हा तुझा चेहरा शिळ्या कॉड माशासारखा झाला होता. शॅननची सासू मला बघून छातीवर क्रूस काढू लागली. मी तिला म्हटलं, की घाबरू नका, आमच्या जेराल्डीनने मला झोपवलं होतं, देवाने उठवलं.

पुढचं तुला ठाऊक नसेल, तू फोटो काढून घेत होतीस. शॅनन माझ्याकडे आली. मिठी मारेल असं वाटून मी डबा खाली ठेवला. ती अगदी हळू, शिकवल्यासारखी म्हणाली, की मावशी, आजच यायचं होतं का. मग तिने डबा उचलला, पाहुण्यांकडे बघून हसली आणि आत गेली. मी बाहेरूनच टॅक्सी केली.

परतीच्या वाटेवर विनिपेगवर वादळ लागलं. विमान असं आपटत होतं, की धडधाकट पुरुष रडले. शेजारच्या बाईने माझं मनगट धरलं, मी धरू दिलं. ती म्हणाली, की तुमचं धैर्य मोठं हो. मी म्हटलं, धैर्य कसलं, माझी वाट बघणारं कोणी नाही एवढंच. पूर्वी विमान पडलं तर शॅनन रडेल या विचाराने माझे पाय गळायचे. ते ओझं तुम्ही मायलेकींनी उतरवलंत. मी वादळात झोपले.

लोभाचं तुमचं तुम्ही बघा.

अल्फ्रीडा

ता. क. डबा परत पाठवू नकोस.