तिसरा पुकारा

ता. ८ जुलै १९९६
मी, गोविंद रामचंद्र दिघे, वय वर्षे बहात्तर, शिक्षण मराठी चौथी, निवृत्त शिपाई, राहणार फ्रीगंज, उज्जैन, स्वतःपुरते सत्य लिहितो की, न्यायालयाच्या दारात एकतीस वर्षे पक्षकारांचा पुकारा मी केला. एकाही माणसाचे नाव चुकविले नाही. याचा अभिमान आहे व राहील.
थोरली नात चि. वैजयंती, वय दहा, आज चौथ्या दिवशीही शाळेस गेली नाही. पोट दुखते म्हणते. सूनबाईंना तिच्या उशीखाली शेवेची रिकामी पिशवी सापडली. रागावू नये, असे मी सांगितले.

ता. ९
डॉक्टरांकडे नेले. त्यांचा जिना चढताना दोनदा थांबली. धाप. वजन माझ्यापेक्षा केवळ चार किलो कमी. रक्तदाब या वयास जास्त. गुडघे वजनानेच दुखतात. मानेवरचा काळा पट्टा मळ नव्हे, वाढलेल्या वजनाचीच खूण. सूनबाई तो रोज घासत होत्या, आणि पोर निमूट घासू देत होती.
डॉक्टर म्हणाले, "पूरे घर का खाना बदलिए, अकेली बच्ची का नहीं. रोज चलाइए. और इसे मोटी कहना बंद."
मी ताडकन, "हमारे घर में कोई नहीं कहता."
वैजयंती फरशीकडे पाहत राहिली.

ता. १०
रविवारची जिलबी मीच आणीत असे. बंद. माझी सकाळची कचोरीही बंद. मुलगा चि. मुकुंद हसला, "आबा, कचोरीशिवाय चार दिवस काढून दाखवा." दाखवीन.
शेवेवाचून पोहे. बेचव. संपविले.

ता. ११
धाकटी नात शमा सहज बोलून गेली, "शाळेत ताईला सगळ्या 'मोटी, चल!' म्हणतात. आबांसारखा आवाज काढून."
वैजयंतीस विचारले. ती म्हणाली, "तुम्हीच शाळेच्या फाटकावरून ओरडता ना रोज?"
"मी मोठी म्हणतो. थोरली म्हणून. ठ आहे त्यात."
"आबा, त्यांच्या हिंदीत मोठी शब्दच नाहीये. त्यांना मोटीच ऐकू येतं. दोन वर्षं झाली."
"मग मला सांगितले का नाहीस?"
"तुम्हाला आवडतं ना ओरडायला."
एकतीस वर्षांत एकही नाव... ता. ८ चे विधान खोडीत नाही. दुरुस्ती येथे नमूद.

ता. १३
घरात 'मोठी' म्हणण्यास सर्वांस मनाई. सकाळी मीच दोनदा चुकलो.
चूक माझी होती, असे तिला सांगितले. हात जोडले नाहीत. जोडावयास हवे होते.
ती म्हणाली, "त्यानं काय फरक पडणार? मी आहेच ना मोटी."

ता. १५
ठरले. रोज संध्याकाळी सहा वाजता टॉवर चौकापर्यंत पायी, दोघे.
"शाळेतल्या भेटल्या तर?"
"तर तुझे नाव घेईन. पूर्ण."
आज कोपऱ्यापर्यंतच गेलो. दुकानाच्या पायरीवर बसलो. माझे गुडघे आधी दुखले, असे मी म्हणालो. खोटे नव्हते. ती जराशी हसली.

ता. १६
औषधाच्या दुकानापर्यंत. चौक अजून दूर. जाऊ.

ता. १८
सहा वाजता तिच्या वर्गातील तिघी आमच्या फाटकाशी दोरीच्या उड्या मारीत होत्या. वैजयंतीने खिडकीतून पाहिले व खोलीचे दार लावून घेतले.
मी जिन्याखाली उभा राहिलो. न्यायालयातील आवाजात, "वैजयंती मुकुंद दिघे, हाजिर हो!"
तिघी खिदळल्या. एक म्हणाली, "दादाजी, ये कौन है?"
"तुम्हारी सहेली. यही उसका नाम है."
दुसऱ्यांदा पुकारले. दोरी थांबली. वर कडी वाजली. पाऊल वाजले नाही.
तिसऱ्या पुकाऱ्यास पक्षकार न आल्यास गैरहजर लिहितात आणि प्रकरण निकाली निघते. तिसरा पुकारा मी केला नाही. उद्याही दोनच करीन. परवाही. चपला पायातच ठेवून सात वाजेपर्यंत उभा होतो.
समक्ष हजर: चि. शमा. सूनबाई, स्वयंपाकघराच्या दारात. कु. निधी, कु. रुखसाना, कु. अंजली, नावे त्यांनाच विचारून, दोनदा म्हणून दाखवून लिहिली आहेत. तसेच जिन्याच्या वरच्या पायरीवर, दाराआडून दिसलेला, चप्पल घातलेला एक पाय.