दादाच्या ट्रकची बटणं

४ जानेवारी, रविवार
दादा आज पुन्हा ट्रकच्या गेमसमोर बसला. अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवा हात मांडीवर नुसता पडून असतो. या गेममध्ये ट्रक वळवायचे बाण कीबोर्डच्या उजव्या टोकाला, गिअर डाव्या टोकाला. एका हातानं दोन्हीकडं पोचणार कसा? पहिल्याच वळणावर ट्रक दरीत. परत दरीत. शेवटी लॅपटॉपचं झाकण आपटलं आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.
गंगापूरहून शहरात काळीपिवळी जीप घेऊन येणारा माणूस. आयुष्यात कुणाला साधं खरचटू दिलं नाही.
वहिनी स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "ताई, ते हलवा तिथून. रोज हरायलाच बसवायचं का त्यांना?"
नाही हलवणार. उपचारासाठी दोघं माझ्याकडं राहायला आल्यापासून दादानं तोंडानं मागितलेली ही एकच गोष्ट. "ट्रक."

५ जानेवारी
गेमच्या सेटिंगमध्ये बटणं बदलायची सोय नाही. जुनी सीडी, बनवणारे कधीच दुकान बंद करून गेले. बटणं बदलणारं तयार सॉफ्टवेअर टाकून पाहिलं. गेम सुरू झाली की तेच अडकतं.
मग गेम ज्या फाइलवर चालते ती मूळ ईएक्सई फाइलच उघडायची. वाळूजला कंपनीत दिवसभर मशीनचे प्रोग्राम दुरुस्त करते मी. हे पण शेवटी आकडेच. जमेल. न जमायला काय झालं?

७ जानेवारी
सकाळी कंपनीची बस यायच्या आधी बसले. प्रत्येक बटणाला फाइलमध्ये एक आकडा असतो, डाव्या बाणाचा २५. फाइलमध्ये शोधला तर जिकडं बघावं तिकडं २५. उतावळेपणानं सगळेच बदलले. गेम उघडलीसुद्धा नाही!
साहजिक आहे. प्रत्येक २५ म्हणजे बाण थोडाच. गावातल्या एका शिंद्याला निरोप द्यायचा आणि सगळ्या शिंद्यांना उठवून आणायचं, तसं झालं. नशीब, आधी फाइलची नक्कल करून ठेवली होती.

११ जानेवारी, रविवार
सापडलं!! गेम चालू ठेवून बाण दाबायचा आणि त्या क्षणाला प्रोग्राम फाइलच्या कुठल्या जागी जातो ते पकडायचं. वळणं, वेग, ब्रेक, प्रत्येकाची जागा मिळाली. तेवढेच आकडे बदलले. ट्रक मुकाट्यानं वळला.
दरवेळी हातानं आकडे बदलत बसणं धोक्याचं, म्हणून दुपारी छोटंसं टूल लिहिलं. एक खिडकी. समोर मराठीत "डावीकडं", "उजवीकडं", "वेग", "ब्रेक", "गिअर". ज्याला जे बटण हवं ते निवडायचं आणि खाली "बसव" दाबायचं. टूल आधी फाइल तीच आहे का बघतं, नक्कल काढतं, मगच आकडे लिहितं. दिसायला ओबडधोबड आहे, पण चोख काम करतं. स्वतःवरच खूष आहे आज.

१२ जानेवारी
सगळी बटणं डाव्या हाताखाली आणून दिली. दादानं पहिला रस्ता पार केला! ट्रक थांबवला, माझ्याकडं बघितलं आणि अडखळत म्हणाला, "सुमे... हॉर्न?"
हॉर्नचं बटण मी विसरलेच होते. ड्रायव्हर माणसाला हॉर्नशिवाय गाडी दिली. वहिनी पदर तोंडाला लावून हसत सुटली. किती दिवसांनी. हॉर्न लगेच बसवून दिला, मग संध्याकाळभर पों पों.

१४ जानेवारी, संक्रांत
दादानं डाव्या हातानंच सगळ्यांना तिळगूळ दिला. दुसरा रस्ता पार. तिसऱ्यावर घाट आणि पूल आहे, तिथं ट्रक वळेचना. दादा माझ्याकडं असं बघायला लागला, जसं गाडी बिघडल्यावर गिऱ्हाईक त्याच्याकडं बघायचं.
घाटात बटणं फाइलच्या वेगळ्या जागी तपासली जातात, एवढंच निघालं. तेही आकडे टूलमध्ये घातले. माझ्यापुढं टिकणार नाही ही फाइल.

१८ जानेवारी, रविवार
नाझनीन मॅडम आल्या होत्या, दादाला व्यायाम द्यायला येतात त्या. मी ऐटीत टूल दाखवलं. दादानं घाट उतरून दाखवला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या आणि मग नजर त्याच्या मांडीवरच्या उजव्या हातावर गेली.
"भाऊ, डावा हात तर हीरो झाला. आणि सीधा हाथ? त्याला पेन्शनवर बसवलं काय तुम्ही?"
जाताना मला जिन्यात म्हणाल्या, "ताई, उसको छुट्टी नक्को. पहिलं बोट हलायला लागलंय. आत्ताच काम द्या. मागून लई जड जाईल."
हे मला सुचलंच नव्हतं. मी हात नव्हे, कीबोर्ड दुरुस्त करत बसले होते.

१९ जानेवारी
चुकलं. दादाला न विचारता "वेग" उजव्या हाताच्या बटणावर टाकला. तो बसला, दाबतोय, ट्रक जागचा हलेना. मग कळलं त्याला. लॅपटॉप सरकवला.
"माझी... गाडी... नाय घ्यायची."
वहिनी पहिल्यांदाच माझ्यावर चिडली. "हसायला लागला होता ना माणूस? एवढी काय घाई तुम्हाला?"
मी म्हटलं, मॅडमनी सांगितलंय. ती म्हणाली, "मॅडमनी सांगितलं, पण हात त्यांचा हाय. तुम्हाला इचारायला काय झालं होतं?"
बरोबर आहे तिचं. सगळं पूर्वीसारखं करून दिलं. दादाची माफी मागितली. त्यानं नुसती मान हलवली.

२१ जानेवारी
टूलच त्याच्या ताब्यात दिलं. शेजारी बसून दाखवलं: इथं निवड, इथं "बसव". बिघडलं तर "मूळ फाइल परत". काही मोडणार नाही, मी तसंच बनवलंय.
त्यानं खिडकीतलं एकेक नाव बोटानं वाचलं. काही बदललं नाही. मीही काही सुचवलं नाही. फार अवघड गेलं.

२३ जानेवारी
कंपनीतून आले तर वहिनी दारातच. "दुपारपासनं ते बटणाचं उघडून बसलेत. मला जवळ येऊ दिलं नाय."
जाऊन बघितलं. सगळं डाव्या हाताला, जसंच्या तसं. फक्त ब्रेक उजव्या टोकाच्या एंटरवर.
"अरे दादा, ब्रेक कशाला? सोपं काहीतरी दे ना त्या हाताला. दिवे दे."
"ब्रेक."
"का पण?"
बराच वेळ शब्द जुळवत राहिला. "गरज... पडली... की... दाबंल त्यो."

२८ जानेवारी
रोज दरीत. बोट एंटरवर ठेवलेलं असतं, त्याच्या कपाळावर आठ्या, मान ताठ, आणि बोट उशिरा खाली जातं. वहिनी पाहवत नाही म्हणून भाजी निवडायला गच्चीवर जाते. पण आता झाकण आपटत नाही तो. स्वतःच पुन्हा सुरू करतो.
ब्रेक किती जोरात लागतो तो आकडा मला फाइलमध्ये दिसलाय. वाढवला तर ट्रक जागेवर थांबेल, बोटाला उशीर झाला तरी. टूलमध्ये टाकायला काहीच लागणार नाही. या वेळी मात्र आधी विचारलं.
"नाय," दादा म्हणाला. "ट्रक... हाय तसा."
आकड्याला हात लावला नाही.

१ फेब्रुवारी, रविवार
नाझनीन मॅडम येऊन गेल्या. बोटात जोर वाढलाय म्हणाल्या. "कितना आएगा, अभी नहीं बोल सकती." खोटी आशा लावत नाहीत, म्हणून आवडतात मला.
त्या गेल्यावर दादानं घाटाचा रस्ता लावला. पुलाच्या आधीचं उतारावरचं वळण. बोट खाली गेलं, स्पष्ट बघितलं मी, थोडं उशिरा, पण गेलं. ट्रक घसरत घसरत कड्यावर अडकला. पुढची दोन्ही चाकं हवेत, इंजिन चालू. असं कधीच झालं नव्हतं. उजवं बोट एंटरवर दाबलेलंच. सोडलं तर ट्रक गेला दरीत.
वहिनी चहाचे कप घेऊन दारात थबकली. मी लगेच वाकून डाव्या हाताचं रिव्हर्सचं बटण दाखवायला लागले.
"थांब," दादा म्हणाला. पडद्यावरची नजर हलली नाही. "घेतो मी."