एकमताने पहिला आलेला सिनेमा

रावपुरा, बडोदे
उत्तरायणानंतरचा मंगळवार

ती. सौ. स्नेहलताताईस,

विजूचा शिरसाष्टांग नमस्कार (गुडघे माझेही दुखतात, तेव्हा नमस्कार उभ्यानेच घातला असं समज). तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, बरं वाटलं. भावोजींचं पित्त कसं आहे? त्यांना म्हणावं, भुसावळची वांगी कितीही चांगली असली तरी रोज रात्री भरीत खाल्लंच पाहिजे असा काही कायदा नाही. इकडे सगळ्यांच्या प्रकृती उत्तम आहेत. घरात भांडण आहे, पण ते मीच सुरू केलेलं असल्यामुळे माझी प्रकृती तर फारच उत्तम आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण आमचं स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये फक्त एक पडदा आहे आणि पडद्यापलीकडे आमचे हे दिवसभर बसलेले असतात, म्हणून लिहिते.

तर आमच्या ह्यांनी, म्हणजे जगदेवरावांनी, रिफायनरीतून निवृत्त झाल्यावर एक सिनेमंडळ काढलं. सभासद चार. हे स्वतः अध्यक्ष. दुसरे फत्तेसिंहराव, ज्यांचे पणजोबा सरकारी रिसाल्यात घोडेस्वार होते (हे ते कुठल्याही सिनेमाच्या चर्चेत पाच मिनिटांच्या आत सांगतात). तिसरे सुभानराव, शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांना सिनेमात माणसं दिसत नाहीत, फक्त उजेड दिसतो. आणि चौथा मयंक, वय पस्तीस, मोबाइलचं दुकान आहे, त्याला मंडळाने तरुण पिढी म्हणून घेतलं आहे. दर रविवारी दहाला माझ्या घरात सेव-उसळीचे डबे उघडतात आणि वर्षातून एकदा, उत्तरायणाचे पतंग उडवून झाले की, मांज्याने कापलेल्या बोटांना पट्ट्या बांधून हे चौघे गेल्या वर्षातले सर्वोत्तम दहा सिनेमे क्रमवार लावतात. वाद इतका होतो की खालचा इस्त्रीवाला वर बघायला येतो.

आता खरी गोष्ट ऐक. या चौघांपैकी एकालाही सिनेमा आठवत नाही. सुभानराव इंटरव्हलला चहासाठी बाहेर जातात ते भिंतीवरची पोस्टरं बघत राहतात. मयंक निम्मा सिनेमा फोनकडे बघतो. फत्तेसिंहरावांच्या डोक्यात सगळ्या मारामाऱ्या एकाच सिनेमात जाऊन बसतात. आमच्या ह्यांच्याबद्दल मी काय बोलू? मी प्रत्येक सिनेमाला ह्यांच्या शेजारी बसते, आणि पहिलं गाणं सुरू झालं की ह्यांचं डोकं माझ्या खांद्यावर येतं. म्हणून मत टाकायच्या आधी बैठकीतून हाक येते, ‘विजू, तो बोगद्यात अडकतात त्याचं पुढे काय होतं गं?’ मग मी पडद्याआडून फोडणी देता देता गोष्ट सांगते, आणि त्या गोष्टीवर हे नंबर देतात. पाच वर्षं झाली. पाच वर्षं बडोद्याच्या या नामांकित रसिकांनी सिनेमे माझ्या तोंडून पाहिले.

म्हणून यंदा मी सरळ बाहेर जाऊन म्हटलं, मलाही मत हवं. काय चुकलं सांग! पण चौघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, की जणू मी सासरची जमीन मागितली. मग ह्यांनी वही उघडून नियम तिसरा वाचून दाखवला: एका घराचं एकच मत. म्हणजे माझं मत ह्यांच्या मतात आधीच धरलेलं आहे. (ह्यांच्या कुठल्या मतात? झोपेतल्या?) फत्तेसिंहराव म्हणाले, वहिनीसाहेब, सिनेमा पाहणं वेगळं आणि सिनेमाची जाण असणं वेगळं. हे बोलताना त्यांच्या मिशीला सेव लागली होती. मी आत आले, मोहरी टाकली, आणि ठरवलं की आता यांची जाण बघायचीच.

थोड्या वेळाने हाक आली, पहिल्या नंबरसाठी आणखी काही राहिलंय का गं? तोवर त्यांचा तो सिनेमा पहिला येत होता ज्यात एकटा नायक ऐंशी माणसं लोळवतो. मी म्हटलं, असं कसं, तो स्टेशनवरच्या बाईचा राहिला की! आणि सांगायला लागले. एका छोट्या स्टेशनवर गाड्यांची घोषणा करणारी बाई. तीस वर्षं सगळं गाव तिच्या आवाजावर उठतं, डबे भरतं, घड्याळं लावतं, पण काचेआडच्या त्या बाईला कुणी कधी पाहिलेलं नाही. गावात भाजी घ्यायला गेली तर भाजीवाला तिलाच विचारतो, आज पॅसेंजर लेट आहे का हो? निवृत्तीच्या दिवशी ती एका अशा गाडीची घोषणा करते जी त्या स्टेशनवर थांबतच नाही, आणि स्वतः बॅग घेऊन फलाटावर येऊन उभी राहते. ताई, हा सिनेमा जगात कुणी काढलेला नाही. तो मी काढला, उभ्याउभ्या, पिठलं ढवळता ढवळता. मला वाटलं होतं की कुणीतरी म्हणेल, हा आम्ही पाहिला नाही. तेवढं एक वाक्य आलं असतं तर मी तिथेच थांबले असते.

कुठलं आलंय! पहिल्यांदा फत्तेसिंहराव म्हणाले, हो हो, इथल्या अलकापुरीच्या थिएटरात पाहिला, पहिल्याच दिवशी, तिसऱ्या रांगेत. सुभानरावांनी तो पुण्याला महोत्सवात पाहिला होता, आणि त्या काचेवर पडणारा संध्याकाळचा उजेड असा होता की ते तीन दिवस जेवले नाहीत. मयंक म्हणाला, ‘काकी, एकदम जोरदार पिक्चर, हों! बॅकग्राउंड म्युझिक तर शूं वात छे!’ मग त्याने फोनवर शोधलं आणि म्हणाला, सापडत नाहीये. मी ढवळणं सोडून पडद्याशी आले, मनात म्हटलं, संपलं. पण सुभानराव कडाडले, की चांगला सिनेमा फोनवर सापडत नाही, हीच त्याची खूण! मयंकने ओशाळून फोन खिशात ठेवला. आमचे हे तेवढे गप्प होते, सुपारी कातरत होते. एरवीही त्यांना कुठलाच सिनेमा आठवत नाही, म्हणून मी त्यांना यांच्यातच धरलं. म्हणजे चौघांनीही पाहिला.

पुढची मजा अशी की शेवट सांगायच्या आत पिठलं लागलं, आणि मी तिकडे धावले. तेवढ्यात बाहेर रणधुमाळी. फत्तेसिंहराव म्हणतात, गाडी थांबत नाही, धडधडत निघून जाते, मी या डोळ्यांनी पाहिलंय. सुभानराव म्हणतात, थांबते, आणि तिचा पांढरा पदर दारातून आत जाताना दिसतो. फत्तेसिंहरावांनी पणजोबांची शपथ घेतली. सुभानराव चप्पल घालून निघाले. शेवटी मला बोलावणं आलं. मी हात पुसत सांगितलं, अहो, दोघंही बरोबर आहात, अलकापुरीच्या प्रतीत थांबत नाही, पुण्याच्या प्रतीत थांबते. दोघांनी एकमेकांना मिठी मारली! फत्तेसिंहरावांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. म्हणाले, त्या बाईची कुणालाच कदर नाही हो. (हे मला म्हणाले, रिकामी ताटली माझ्या हातात देत.) मतं मोजली. चारपैकी चार. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच एकमत झालं.

तू म्हणशील, विजू, हे फसवणं झालं. मुळीच नाही. मी त्यांना एक गोष्ट सांगितली, पाहिल्याचं त्यांनी सांगितलं. आणि खरं सांगू? मला त्या दिवशी राग आला होताच, पण गोष्ट सांगताना मीच त्या बाईबरोबर फलाटावर जाऊन उभी राहिले, तेव्हा रागबिग काही आठवत नव्हतं. ऐंशी माणसं लोळवणाऱ्यापेक्षा माझी बाई शंभर पटींनी चांगली आहे, आणि तिचा पहिला नंबर मी कुणालाही खोडू देणार नाही. येत्या रविवारी मी पडद्याबाहेर खुर्ची टाकून बसणार आहे, माझी दहा सिनेमांची यादी घेऊन. मत दिलं तर ठीक. नाही दिलं तर पुढच्या वर्षीचे सिनेमे त्यांनी आपले आपण आठवावेत.

तुझ्या डोळ्याला अजून ताण नको हे खरं, तरी हे पत्र भावोजींकडून वाचून घेऊ नकोस, थोडं थोडं स्वतःच वाच. कारण पुढे कळेलच.

तुझी,
विजयमाला

ता. क. मंडळ दर वर्षी पहिल्या सिनेमाच्या दिग्दर्शकाला शाल, श्रीफळ आणि मानपत्र पाठवतं. त्यांनी दिग्दर्शकाचं नाव विचारलं, आणि आयत्या वेळी माझ्या तोंडून भावोजींचंच आलं. (तुझं सांगणार होते, पण बाईचं नाव ऐकून या लोकांनी पुन्हा मतदान घेतलं असतं.) पत्ताही तुमचाच दिला आहे. पार्सल शुक्रवारपर्यंत पोचेल. भावोजींनी मुकाट्याने सही करून घ्यावं आणि दोन ओळींचं आभाराचं पत्र पाठवावं. आयुष्यात त्यांनी एकही सिनेमा पाहिला नाही, हे त्यात लिहू नये. खरं तर हे पत्र मी एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करायच्या आत हे मागे उभे राहून सगळं वाचून गेले. वाटलं, आता आकाश फाटणार. तर म्हणाले, एक चूक आहे, मी पाहिला असं मी कुठे म्हणालो? मी फक्त मत दिलं. मी विचारलं, न पाहिलेल्या सिनेमाला? म्हणाले, ‘पाहिला की. तू सांगत होतीस तेव्हा. त्या दिवशी झोप नाही लागली मला.’ मग हळूच विचारलं, ‘पण विजू, थांबते का गं गाडी?’ मी म्हटलं, ते सांगायचा अधिकार फक्त मंडळाच्या सभासदाला, सभासदाच्या बायकोला नाही. आधी मला मत द्या.