ठोकून न पाहिलेली जमीन

३ जुलै
कॉलेज सोडलं ते बरंच केलं! बाबा फोनवर अजून ओरडतात – शिकला असतास तर खाणीत नोकरी होती, घालवलीस म्हणून. ओरडू देत. इथं तातिओच्या उकळत्या झऱ्यांच्या फाटकावर निल्डा तिकिटं फाडते आणि मी आत पाहुण्यांसाठी वाट आखतो. इथला जुलै म्हणजे ऐन हिवाळा, पहाटे उणे चौदा. बोटं बधिर.
आज ती माझ्याशी बोलली. "दार लाव, वारा येतोय." एवढंच.

६ जुलै
खालच्या कालामा शहरातला तो ड्रायव्हर, रोमेल. रोज पर्यटक घेऊन पहिला हजर! आज निल्डाला शहरातला गोड पाव आणून दिला. ती हसली. एवढं काय हसायचं?
सातूर्निनो काकांनी हटकलं. निल्डाचे वडील, मला काम तेच शिकवतात. म्हणाले, लक्ष कुठंय? इथं उकळतं पाणी एका रात्रीत जागा बदलतं. आधी कोकाची पानं जमिनीला द्यायची, परवानगी मागायची, मग काठीनं ठोकत जायचं. पोकळ वाजलं की वाटेच्या कडेचे पांढरे दगड मागे घ्यायचे. दगडांच्या आत पाहुणा निर्धास्त.
जसं काही मला माहीतच नाही!

९ जुलै
पहाटे ती आणि रोमेल एकाच थर्मासातला चहा पीत होते. डोकं फिरलं. पानं टाकली नाहीत, काठी घेतली नाही. कालचे दगड तसेच राहू दिले. काकांनी लांबूनच विचारलं, झालं का? म्हटलं, झालं.
पाहुण्यांच्या पुढे काका चालत होते. जमीन फुटली. डावा पाय गुडघ्यापर्यंत उकळत्या पाण्यात. ते ओरडले नाहीत. बाकी सगळे ओरडले.
दवाखान्यात रोमेलनंच नेलं.

११ जुलै
गावसभा. दगड कुणी हलवले? माझ्या तोंडून गेलं – रोमेलच्या पर्यटकांनी, फोटोसाठी. कुणी शंकाही घेतली नाही. त्याला वर यायची बंदी.
जिंकलो म्हणायचं. जेवण गेलं नाही.

१५ जुलै
काका घरी आले. अख्खं गाव भेटून आलं. मी नाही.

१९ जुलै
निल्डा आता माझ्याकडे बघत राहते. हेच तर हवं होतं! मग पळून जावंसं का वाटतं? हल्ली दोन-दोनदा ठोकतो. पानं टाकताना मात्र शब्द फुटत नाही. कुठल्या तोंडानं परवानगी मागू?

२२ जुलै
उद्या सांगणार. नक्की.

२३ जुलै
सांगितलं. फाटकावर, सगळ्या ड्रायव्हरांसमोर – जमीन मी तपासली नव्हती, रोमेलवर खोटा आळ घातला.
ती तिकिटं फाडत राहिली. मग म्हणाली, "सगळे येऊन गेले, तू एकटा आला नाहीस. बाबांनी तेव्हाच ओळखलं. म्हणायचे, पोरगा येईल, स्वतः सांगेल. रोज संध्याकाळी चहाचे दोन पेले भरायला लावायचे. एक तुझा."
म्हटलं, आज येतो.
"काल त्यांनी सभेला निरोप धाडला, रोमेलचा दोष नाही म्हणून. आणि मला म्हणाले, एकच भर."