पंखा बंद करा

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, चार कादंबऱ्यांचा लेखक आणि दोन चित्रपटांचा दिग्दर्शक, मंगळवारी हृदयावर शस्त्रक्रिया ठरली असल्याने हे पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दबावाविना लिहून ठेवत आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. तो सूर मी नटांना शिकवत आलो आहे.

१. पुस्तकं आणि त्यांचे हक्क मुलीला. तिने माझी एकही कादंबरी संपवलेली नाही. "बाबा, तुमचा नायक कधी चुकतच नाही हो," म्हणते.

२. काचेची उपकरणं विभागाला. विभागप्रमुखाने हात लावू नये. माझी ब्युरेट नेऊन बावीस वर्षं झाली, अजून परत नाही.

३. हे घर नानांना. नाना आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. कारण लिहिणं भाग आहे. पहिल्या चित्रपटासाठी मी प्रयोगशाळेत ब्रोमीनची तांबडी वाफ चित्रित करत होतो. चंबू नानांच्या हातात होता. वाफ ओढून घेणाऱ्या पंख्याची घरघर ध्वनिमुद्रणात येत होती, म्हणून मी तो बंद करायला लावला. चंबू तडकला. नानांचा उजवा डोळा गेला. चौकशी समितीला मी सांगितलं, पंखा लावायला परिचर विसरला. त्यांची नोकरी गेली. पुढे त्यावर मी कादंबरीही लिहिली; तीत पंखा आपोआप बंद पडतो. मला माझी लाज वाटते.

४. त्या दिवसाची ध्वनिफीत कपाटाच्या खालच्या खणात आहे. तीत माझा आवाज स्वच्छ आहे: "पंखा बंद करा." माझ्या मृत्यूनंतर ती महाविद्यालयाला द्यावी.

इथवर लिहून साक्षीसाठी त्या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रकाला बोलावलं. तो मला न विचारता नानांना घेऊन आला. नानांनी कागद डाव्या डोळ्याजवळ धरला आणि सावकाश सगळा वाचला.

"सर, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही ना?"

"नाही. कायदाच आहे तसा."

"मग आणा पेन."

"अहो नाना, घर जाईल हातचं!"

"मेल्यावर खरं बोलायला काय जातं, सर? मंगळवारच्या आत बोला. चारचौघांत."

सबब, कलम ३ नानांच्या सहीने बाद, घर मुलीला. कलम ४ मी स्वतः खोडत आहे. ती फीत सोमवारी सकाळी अकराला, मोठ्या व्याख्यानगृहात, नाना पहिल्या रांगेत असताना मी स्वतः लावीन. बाकी सगळं माझ्यामागे.

मंगळवारची भीती आता वाटत नाही. सोमवारची वाटते.

स्थळ: माझी अभ्यासिका
दिनांक: ७, शनिवार
सही: प्राध्यापक

साक्षीदार १: ध्वनिमुद्रक. ते शब्द तेव्हाच ऐकले होते. गप्प बसलो.
साक्षीदार २: नाना, परिचर. वाचून, समजून सही केली. सोमवारी साडेदहालाच येतो.